वाटेवरच्या शिळा

महाराष्ट्रांतील एखाद्या जुन्या गांवाची शीव ओलांडून पायवाटेनें आंत शिरणाऱ्यास पहिल्यानें जें दिसतें, त्यांत वडपिंपळाचा पार, शेंदूर माखलेला मारुति आणि त्या मारुतीच्या आसपास उभ्या केलेल्या चारदोन कोरीव शिळा, एवढ्या गोष्टी बहुधा असतातच. शिळांपैकीं एखादी सरळ उभी असते, एखादी कललेली असते, एखादी निम्मीअधिक मातींत गेलेली असते. कोणी जातांजातां त्यांच्यावर दोन फुलें टाकतो, कोणी नुसते हात जोडतो, आणि कोणी बैलाचें दावें त्यांनाच अडकवून घटकाभर सावलींत बसतो. ह्या शिळा कोणाच्या म्हणून विचारलें, तर "जुन्या आहेत, देवाच्या आहेत," एवढेंच उत्तर मिळतें. उत्तर खोटें नाहीं. पण पुरतेंहि नाहीं. ह्या शिळा मुळांत देवाच्या नव्हेत, माणसांच्या आहेत. आणि त्याहि बहुतांशीं राजेरजवाड्यांच्या नव्हेत, तर त्या त्या गांवच्या माणसांच्या आहेत.

इतिहास म्हटला कीं ताम्रपट, बखरी, तहनामे आणि दरबारी पत्रें डोळ्यांपुढें येतात. ह्या साधनांत राजा आहे, प्रधान आहे, सरदार आहे. परंतु ज्याच्या शेतावरून फौजा गेल्या आणि ज्याच्या गोठ्यांतलीं गुरें लुटारूंनीं वळवून नेलीं, तो गांवकरी त्यांत क्वचित् सांपडतो. त्याची नोंद कोठें असेल तर ती ह्या वाटेवरच्या शिळांत. सरकारी सडकेवरील मैलाचा दगड वाटसरूस पुढचें गांव किती दूर आहे तें सांगतो. ही शिळा तो ज्या गांवांत उभा आहे त्या गांवानें काय सोसलें तें सांगते. एकाची भाषा आंकड्यांची आहे आणि ती सर्वांस वाचतां येते. दुसरीची भाषा चित्रांची आहे. एके काळीं तीहि सर्वांस वाचतां येत असे, पण आज ती विसरली गेली आहे. ती पुन्हां शिकणें मात्र फारसें अवघड नाहीं.

ह्या शिळांचे मुख्य प्रकार तीन: वीरगळ, सतीशिळा आणि गद्धेगाळ. पैकीं वीरगळ सर्वांत अधिक. "वीरगळ" ह्या शब्दांतील उत्तरपद कानडी आहे. कानडींत "कल्लु" म्हणजे दगड. वीराचा कल्लु तो वीरगळ. शब्द कानडी असण्यांत नवल नाहीं, कारण ही चाल दक्षिणेंत सर्वत्र होती आणि कर्नाटकांत तर अशा शिळा विपुल आहेत. महाराष्ट्रांतील पुष्कळसे वीरगळ शिलाहार आणि यादव ह्यांच्या अमदानींतले, म्हणजे अकराव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंतचे आहेत. पुढेंहि ही रीत एकदम बंद पडली असें नाहीं.

वीरगळ वाचावयाचा तो खालून वर. पुस्तकाचें पान आपण वरून खालीं वाचतों, म्हणून नवशिक्याचा येथेंच घोटाळा होतो. शिळेवर आडवे पट्टे पाडून तीन किंवा चार चौकटी केलेल्या असतात. अगदीं खालच्या चौकटींत वीर मरून पडलेला दिसतो. त्याच्या बाजूस कित्येकदां गाईंचा कळप कोरलेला असतो. तिच्यावरच्या चौकटींत लढाई असते: कोणी घोड्यावर, कोणी पायीं, हातांत ढालतरवार, समोर भाले किंवा धनुष्यें घेतलेले शत्रु. त्याच्याहि वर अप्सरा त्या वीरास दोहों बाजूंनीं धरून स्वर्गाकडे घेऊन चाललेल्या असतात. सर्वांत वरच्या चौकटींत तोच वीर कैलासांत शिवलिंगापुढें हात जोडून बसलेला असतो आणि पलीकडे पुजारी पूजा करीत असतो. माथ्यावर कलश, आणि पुष्कळ ठिकाणीं त्याच्या दोन अंगांस चंद्र व सूर्य. मरण, त्या मरणाचें कारण, मरणोत्तर गति आणि अखेरची शांति, एवढी सबंध कथा हातभर रुंद दगडावर एका अक्षरावांचून सांगितलेली असते. युद्धांत जय मिळाला तर लक्ष्मी मिळते आणि मरण आलें तर स्वर्ग मिळतो, मग भय कशाचें, हा जो विचार संस्कृत ग्रंथांत ठिकठिकाणीं आला आहे, तो निरक्षर कुणब्याच्या आणि धनगराच्या अंतःकरणापर्यंत पोंचविण्याचें काम ह्या चार चौकटींनीं केलें.

खालच्या चौकटींतील गाईंचा कळप पाहून आजच्या नागरिकास थोडें आश्चर्य वाटेल. गुरांसाठीं माणसानें जीव द्यावा काय, असा प्रश्न त्याच्या मनांत येईल. परंतु ज्या काळीं गांवांत नाणें क्वचित् दिसे, त्या काळीं गुरें हेंच गांवाचें धन होतें. "गोधन" हा शब्द त्या वेळीं अलंकारिक नव्हता. नांगराला बैल नाहींत म्हणजे पेरणी नाहीं, पेरणी नाहीं म्हणजे पुढच्या वर्षीं अन्न नाहीं. शत्रूनें गुरें वळवून नेलीं म्हणजे त्यानें गांवाचें येणारें वर्षच उचलून नेलें. महाभारताच्या विराटपर्वांत कौरवांनीं विराटाच्या गाई हरण केल्या आणि त्या निमित्तानें लढाई जुंपली, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. तोच प्रसंग दक्षिणेंतील खेड्यापाड्यांत वारंवार घडे. फरक एवढाच कीं येथें गाई सोडविण्यास अर्जुन येत नसे. गांवचाच एखादा तरुण काठीकुऱ्हाड उचलून धांवत असे. तो परत आला तर गुरें गोठ्यांत जात आणि तो आपल्या कामाला लागे. तो परत आला नाहीं, तर गांव त्याची शिळा उभी करीत असे.

सातारा जिल्ह्यांत वाई तालुक्यांत चंदन आणि वंदन ह्या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याच्या बाजूस किकली नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील भैरवनाथाचें देऊळ जुन्या घडीव दगडी बांधणीचें असून त्याच्या आवारांत वीरगळांची रांगच्या रांग आहे; त्यामुळें वीरगळांचें गांव असा त्याचा लौकिक झाला आहे. कांहीं शिळा नेहमींच्या एकमुखी आहेत, कांहींवर चौकटींची मांडणी निराळी आहे; कोठें एकच वीर पडलेला, तर कोठें एकाहून अधिक. एका खेड्यानें इतकीं माणसें गमावलीं आणि प्रत्येकाची आठवण दगडावर कोरून ठेवली, हें पाहून मन क्षणभर स्तब्ध होतें. मोठ्या शहरांतील स्मारकें पाहतांना आपण एका पुरुषाचें मोठेपण पाहतों. किकलीच्या आवारांत दिसतें तें एका गांवाचें मोठेपण.

ह्यांपैकीं बहुतेक वीरगळांवर नांव नाहीं. हें कसें, असा प्रश्न साहजिक आहे. दगडावर इतकें कोरणाऱ्या पाथरवटास दोन अक्षरें जड होतीं काय? उत्तर त्या काळच्या गांवाच्या रचनेंत आहे. शिळा उभी करणाऱ्यांस त्यावर नांव कोरण्याची गरजच वाटली नसावी. मरणारा कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, हें सारें गांव जाणत होतें. नांव दगडावर नव्हतें तें तोंडीं होतें. वाचणारे थोडे आणि सांगणारे पुष्कळ, अशी ती स्थिति. पण तोंडीं असलेलें नांव तीनचार पिढ्यांपुढें क्वचितच टिकतें. दुष्काळ पडला, रोगराई आली, स्वारी झाली, कीं गांव उठे. पुन्हां वसे तें कित्येकदां दुसऱ्याच माणसांचें. दगड जागच्या जागीं राहिला आणि नांव गेलें. मग ज्याचें नांव ठाऊक नाहीं पण ज्याच्याविषयीं आदर आहे, त्याचें लोक जें करतात तेंच येथें झालें: त्याचा देव केला.

हा आदर घराघरांतहि उतरला आहे. महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबांच्या देवघरांत खंडोबा, भवानी ह्यांच्या टाकांबरोबर घोड्यावर बसलेल्या वीराचा टाक असतो. शहरांत राहावयास आलेल्या कुटुंबांनींहि तो बरोबर आणलेला असतो, आणि कुळाचारांत त्याला गंधफूल मिळतें. हा वीर कोण, तर घराण्यांतील कोणी लढाईंत पडलेला पूर्वज. गांवच्या वाटेवरील वीरगळ आणि मुंबईपुण्याच्या देवघरांतील तो चिमुकला चांदीचा टाक हीं एकाच भावनेचीं दोन रूपें आहेत. पुढें मराठेशाहींत लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलांना सरकारांतून जें साहाय्य मिळे, त्यास बालपरवेशी म्हणत. मेलेल्याचें स्मरण आणि त्याच्या पाठीमागें राहिलेल्यांचा सांभाळ, ह्या दोन्ही गोष्टी समाजाच्या कर्तव्यांत मोडतात ही समजूत येथें जुनी आहे.

सर्वच वीरगळ गुरांच्या लढाईचे नाहींत. मुंबईच्या बोरिवली भागांतील एकसर हें एके काळचें लहान गांव. पुढें तें महानगराच्या पोटांत गेलें. तेथील सहा वीरगळ विद्वानांत फार प्रसिद्ध आहेत. ते नेहमींच्या वीरगळांहून पुष्कळ मोठे, पुरुषभर उंचीहूनहि उंच असून त्यांतील कांहींवर जमिनीवरील तर कांहींवर चक्क समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. वल्हीं मारीत चाललेल्या नावांच्या ओळी, नावांवर उभे असलेले योद्धे, वर स्वर्गांत मिळणारा सत्कार, असा तो देखावा आहे. उत्तर कोंकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव ह्यांच्यामध्यें इ. स. १२६५ च्या सुमारास जें युद्ध झालें, त्यांत सोमेश्वर समुद्रांत बुडून मेला. महादेवाचा मंत्री हेमाद्रि ह्यानें ह्या प्रसंगाचें वर्णन करतांना महादेवाच्या कोपापेक्षां सोमेश्वरास समुद्रच बरा वाटला, अशा अर्थाचें म्हटलें आहे. एकसरचे वीरगळ ह्याच युद्धाचे होत असें पुष्कळांचें मत आहे. ते त्याहून जुने असावे असेंहि कांहींचें म्हणणें आहे.

वाद कसाहि सुटो. लक्षांत घ्यावयाची गोष्ट निराळीच आहे. हेमाद्रि हा विजयी राजाचा मंत्री. त्याच्या लेखणींतून उतरलेला इतिहास जिंकणाऱ्याचा आहे. वीरगळ मात्र जिंकणाऱ्याचा असो कीं हरणाऱ्याचा, त्यांत पडलेल्या माणसास वर शिवलिंगापुढें एकच जागा मिळते. राजा हरला म्हणून त्याच्यासाठीं मेलेला शिपाई कैलासांतून परत पाठविला जात नाहीं. ग्रंथांतील प्रशस्ति आणि वाटेवरची शिळा ह्यांतला हा भेद इतिहासाच्या अभ्यासकानें कधीं विसरूं नये.

दुसरा प्रकार सतीशिळेचा. तिची खूण सोपी आहे. एका खांबासारख्या आकृतींतून निघालेला, कोपरांत काटकोन करून वर उचललेला स्त्रीचा उजवा हात, हातांत कोंपरापर्यंत चुडा, आणि वर चंद्रसूर्य. चुडा हें सौभाग्याचें चिन्ह. पतीमागोमाग चितेवर गेलेल्या स्त्रीचें सौभाग्य अखंड राहिलें, असा त्याचा अर्थ. कित्येक ठिकाणीं वीरगळ आणि सतीशिळा शेजारींशेजारीं असतात, कोठें कोठें तर एकाच दगडावर दोहोंचें काम केलेलें असतें. खेड्यांतील स्त्रिया त्या हाताला हळदकुंकू वाहतात.

ही शिळा पाहतांना मात्र वीरगळापुढें वाटतो तसा निर्भेळ अभिमान वाटणें शक्य नाहीं, आणि वाटूंहि नये. वीर लढावयास गेला तेव्हां त्याच्या हातांत शस्त्र होतें आणि जिवंत परतण्याची आशा होती. चितेवर चढणाऱ्या स्त्रीच्या हातांत काय होतें? तिच्यावर सासरची, माहेरची, जातीची आणि गांवाची नजर होती. तिच्या मनांत खरें काय चाललें होतें तें त्या चुड्यावरून कळत नाहीं. इ. स. १८२९ सालीं बेंटिंकच्या कारकीर्दींत बंगाल इलाख्यांत सतीची चाल कायद्यानें बंद झाली आणि इ. स. १८३० मध्यें मुंबई व मद्रास इलाख्यांतहि ती बंदी लागू झाली. त्यामागें राममोहन राय ह्यांच्यासारख्यांचें पुष्कळ वर्षांचें झुंजणें होतें. तेव्हां सतीशिळा फोडून टाकावी असें कोणी म्हणणार नाहीं, आणि तिचा नव्यानें महिमा वाढवावा असेंहि कोणी म्हणूं नये. ती जपावी ती साक्ष म्हणून. गांवानें जें सोसलें त्याची साक्ष वीरगळ देतो. गांवानें जें सोसावयास लावलें त्याची साक्ष सतीशिळा देते. दोन्ही साक्षी ऐकून घेतल्यावांचून गांवाचा इतिहास पुरा होत नाहीं.

तिसरा प्रकार गद्धेगाळ. हा कोंकणांत विशेष आढळतो. वर चंद्र, सूर्य आणि कलश, मध्यें लेख, आणि खालीं गाढव व स्त्री ह्यांची एक अभद्र आकृति, अशी त्याची ठेवण असते. मधल्या लेखांत राजानें किंवा त्याच्या अधिकाऱ्यानें दिलेल्या दानाचा उल्लेख असतो. वरचे चंद्रसूर्य म्हणतात, हें दान ते आकाशांत आहेत तोंवर चालावें. खालची आकृति म्हणते, जो कोणी हें दान मोडील त्याच्या मातेची अशी विटंबना होवो. ही स्त्री म्हणजे भूमि, आणि दान मोडणाऱ्याची जमीन नापीक होवो असा त्यांतला शाप आहे, असेंहि कांहीं अभ्यासकांचें म्हणणें आहे. गांवावरून गाढवाचा नांगर फिरविणें हा जो वाक्प्रचार मराठींत आहे, त्याच्याशीं हें मत जुळतें.

सुसंस्कृत मनाला ही शिवी बोंचते. परंतु तिच्यामागील विवंचना ध्यानांत घेतली पाहिजे. दान देणाऱ्यास ठाऊक होतें कीं आपण मरणार, आपलें राज्यहि केव्हां तरी जाणार. पुढें येणारा राजा आपल्या वंशांतला असेल, नसेल. त्याच्यावर आपला हुकूम चालणार नाहीं. फौज, न्यायाधीश, कोतवाल, कोणीहि आपल्या बाजूनें उभा राहणार नाहीं. मग उरतें तें लोकांच्या मनांतलें भय आणि लाज. वाचतां येणाऱ्यांसाठीं लेख, न येणाऱ्यांसाठीं चित्र. ज्या काळीं राज्यें पन्नास-पाऊणशें वर्षांत उलथीपालथीं होत, त्या काळीं एका देवळाचें तेलवातीचें किंवा धान्याचें उत्पन्न सुरक्षित ठेवण्यासाठीं माणसाला एवढी कठोर भाषा वापरावी लागली. गद्धेगाळाची शिवी ही खरोखर दुबळ्याची तटबंदी आहे.

अलिबागेहून रेवदंड्याकडे जातांना अक्षी आणि नागांव हीं दोन शेजारचीं गांवें लागतात. नारळीपोफळीच्या वाड्या, त्यांतून जाणारा रस्ता आणि पलीकडे समुद्र, असा तो रम्य भाग आहे. अक्षी येथील शिळा दीर्घकाळ रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्यास तिचें महत्त्व कळण्यासारखें नव्हतें. तिच्यावर देवनागरी लिपींत थोड्याशा ओळी असून भाषा मराठी आहे. पश्चिम समुद्राचा अधिपति, कोंकणचा चक्रवर्ती केशिदेवराय आणि त्याचा महाप्रधान भइर्जु सेणुई ह्यांचीं नांवें तींत आहेत. आरंभीं जगाच्या सुखाची इच्छा व्यक्त केली आहे, आणि देवीच्या बोडणासाठीं नऊ कुवली धान्याची तजवीज करून महालक्ष्मीची आण घातली आहे. खालीं गद्धेगाळाची आकृति आहे.

ह्यांतील बोडण हा शब्द वाचून कोंकणस्थ घरांतील स्त्रियांस ओळखीच्या माणसाची हांक ऐकल्यासारखें वाटेल. सुवासिनी आणि कुमारिका मिळून दूध, दहीं, तूप, मध, साखर आणि नैवेद्य एकत्र कालवून देवीची जी पूजा करतात, ती आजहि अनेक कुटुंबांत मंगलकार्यानंतर होते. राजा गेला, प्रधान गेला, त्याचें कुवलीचें मापहि गेलें. पण बोडण राहिलें. गद्धेगाळाच्या शापानें जें साधलें नसतें, तें घराघरांतील आजीनें आणि आईनें शांतपणें साधलें.

ह्या लेखाच्या काळाविषयीं मोठा वाद आहे. शकाचे आंकडे झिजलेले असल्यामुळें कोणी ते शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असे वाचतात, तर कोणी शके ११३२, म्हणजे इ. स. १२१० असे वाचतात. शिलाहारांच्या घराण्यांत केशिदेव हें नांव धारण करणारे राजे दोन, आणि तेहि सुमारें दोनशें वर्षांच्या अंतरानें होऊन गेले, त्यामुळें राजाच्या नांवावरून निकाल लागत नाहीं. डॉ. शं. गो. तुळपुळे ह्यांनीं आपल्या "प्राचीन मराठी कोरीव लेख" ह्या ग्रंथांत जुन्या मराठी लेखांचा कसून विचार केला आहे. पहिलें वाचन मानलें तर मराठींतील अत्यंत जुन्या लेखांत ह्या शिळेची गणना होते. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशीं असलेल्या मराठी ओळींशींहि तिची तुलना केली जाते, आणि त्या ओळींच्या काळाविषयींहि एकमत नाहीं. सन २०२४ मध्यें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून आद्य लेख कोणता ह्या प्रश्नास आणखी धार आली आहे.

भाषेचा अभिमान असावा. परंतु तो झिजलेल्या आंकड्यावर जबरदस्ती करणारा नसावा. शिळा इ. स. १०१२ ची ठरली म्हणून ती अधिक खरी होत नाहीं आणि इ. स. १२१० ची ठरली म्हणून खोटी होत नाहीं. ती वयानें दोनशें वर्षें लहान ठरली तरीहि एवढें खरेंच राहील कीं, एका लहानशा गांवांत सर्वांस समजावें म्हणून एका प्रधानानें आपलें दान संस्कृतांत न लिहितां लोकांच्या बोलींत लिहून ठेवलें. मराठीचें खरें थोरपण ह्यांत आहे.

शेजारच्या नागांवचा लेख तर ह्याहूनहि विचार करावयास लावणारा आहे. तो शके १२८९, म्हणजे इ. स. १३६७ चा असून त्यांत हंबीरराव राजाचा उल्लेख आहे. विशेष हें कीं, त्यांत शकाबरोबर हिजरी सन ७६९ हाहि दिला आहे. यादवांचें राज्य लयास गेलें होतें, नवी सत्ता आली होती, कालगणनाहि दोन झाल्या होत्या. पण लेख मराठींतच आहे आणि तळाशीं शापहि तोच आहे. काळ किती पालटला आणि किती पालटला नाहीं, ह्याचें उत्तर दोन गांवांमधल्या थोड्याशा वाटेवर मिळतें.

अशा ह्या शिळा टिकल्या कशा, आणि आतां त्यांस भय कशाचें, हा अखेरचा प्रश्न. टिकल्या त्या बऱ्याचशा शेंदुरामुळें. अभ्यासक शेंदुराला नांवें ठेवतात, कारण त्याच्या पुटांखालीं कोरीव काम बुजून जातें. तें खरेंच आहे. पण शेंदूर लागला म्हणूनच कित्येक शिळांस कोणी हात लावला नाहीं. ज्यांना शेंदूर लागला नाहीं, त्यांचें काय झालें? कोणी ओढ्यावर धुणें धुण्याच्या दगडाचें काम करूं लागली, कोणी विहिरीच्या कांठाला गेली, कोणी घराची पायरी झाली, कोणी बांधांत चिणली गेली. हें करणाऱ्यांस दोष देऊन उपयोग नाहीं. अर्थ हरवलेली वस्तु ही केवळ दगडच असते.

अलीकडील भय निराळें आहे. रस्ते रुंद होतात. यंत्र एका दुपारीं जें उकरतें, तें पूर्वीं शेंकडों वर्षांत हललें नसतें. जुन्या देवळांचे जीर्णोद्धार होतात. त्यांत शिळांना तैलरंग फांसला जातो, किंवा फरशी घालतांना त्यांचें निम्में अंग सिमेंटांत जातें. ह्यामागें भक्ति असते, दुष्टावा नसतो; पण परिणाम तोच होतो. जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठीं इ. स. १९०४ सालीं पहिला मोठा कायदा झाला, इ. स. १९५८ मध्यें त्याची नवी आवृत्ति निघाली आणि इ. स. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांच्या परदेशगमनास आळा घातला. परंतु सरकारानें संरक्षित म्हणून जाहीर केलेलीं स्थळें मोजकींच असणार. प्रत्येक गांवच्या प्रत्येक शिळेपाशीं पहारेकरी बसविणें कोणत्याहि सरकारास शक्य नाहीं.

तर मग त्या उचलून शहरांतील संग्रहालयांत नेऊन ठेवाव्या काय? जेथें शिळा खरोखर धोक्यांत आहे तेथें दुसरा मार्ग नसतो. पण एरव्हीं शिळेचें निम्मे बोलणें तिच्या जागेंत असतें. ती शिवेवर आहे कीं देवळापाशीं, घाटवाटेच्या तोंडाशीं आहे कीं ओढ्याच्या उताराशीं, ह्यावरून लढाई कोठें झाली, गुरें कोणत्या बाजूनें नेलीं, जुनी वाट कोठून जात होती, हें ताडतां येतें. संग्रहालयांत गेलेल्या शिळेला ऊन लागत नाहीं, पण तिचें गांवहि तिला सुटतें. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था इ. स. १९१० पासून गांवोगांवचीं साधनें गोळा करीत आल्या. इ. स. १९८२ मध्यें सेट्टर आणि सोंथायमर ह्या दोन विद्वानांनीं सबंध भारतांतील स्मृतिशिळांवर अभ्यासकांचे लेख एकत्र करून मोठा ग्रंथ सिद्ध केला. तरीहि पुष्कळ काम उरलें आहे, आणि तें केवळ पंडितांनीं करावयाचें नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस ह्यांत करण्यासारखें पुष्कळ आहे. यात्रेला, कुलदैवताला किंवा सुटींत आपल्या मूळ गांवीं त्यांचें जाणें होतेंच. तेव्हां मुलांना शिळेपुढें उभें करून ती खालून वर वाचावयास शिकवावें. तिची उंची मोजावी, चौकटी किती आणि त्यांत काय काय आहे तें टिपून ठेवावें, छायाचित्र घ्यावें, ती कोठें उभी आहे तें नीट लिहावें. लेख असेल तर त्यावर खडू, चुना किंवा खिळा घासूं नये. तशा उत्साहानें अक्षरें कायमचीं जातात. टिपलेलें पुरातत्त्व खात्याकडे किंवा इतिहास मंडळाकडे पाठवावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे गांवकऱ्यांस ती कोणाची आहे तें सांगावें. शेंदूर पुसण्याचा आग्रह धरूं नये. "हा तुमच्याच गांवचा कोणी, तुमच्याच गुरांसाठीं पडलेला," एवढें कळलें म्हणजे त्या शिळेचें रक्षण गांव स्वतःच करील. देव म्हणून जिला इतकीं वर्षें मान मिळाला, तिला माणूस म्हणून मिळणारा मान कमी ठरण्याचें कारण नाहीं.

शिळा उभी करणाऱ्यांनीं तिच्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरले, ते ही आठवण तितकी टिकावी म्हणून. चंद्रसूर्य आपलें काम चोख करीत आहेत. उरलेलें काम माणसांचें आहे.